न तुटणारं खेळणं

जयश्री गांगुर्डे यांना त्यांच्याच कुत्रीने मारलं, तेव्हा कुत्रीची शेपटी हलत होती.

समोरच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. गांगुर्डेबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. ओल्या फरशीवरून पाय सटकला आणि त्या कमरेवर आपटल्या. वेदनेने ओरडल्या. कोपऱ्यात ऊन खात बसलेली त्यांची बॉक्सर कुत्री, राणी, उठून धावत आली आणि तिने बाईंचा दंड तोंडात धरला. बाई किंचाळल्या, तशी तिने पकड घट्ट केली. बाई जितक्या किंचाळत होत्या, तितकी ती दाबत होती, मान झटकत होती. मग तिने दंड सोडून गळा धरला. थोड्या वेळाने बाईंचा आवाज थांबला. राणीने लगेच सोडलं आणि शेजारी बसून राहिली. तोंड रक्ताने माखलेलं, कान टवकारलेले. पुढचा खेळ कधी सुरू होतो याची वाट पाहत असल्यासारखी.

"चिडलेली नव्हती हो ती," शेजारीण वार्ताहराला सांगत होती. "खेळत होती. मी स्वतः बघितलं."

केतकी आहेरने ती चित्रफीत नाश्ता करताना मोबाइलवर पाहिली आणि पोहे तसेच ठेवले. तिच्या पायाशी तिचा लॅब्राडॉर, गुंडू, खेळणं चावत पडला होता. खेळण्यातून मधूनमधून बारीक कळवळल्यासारखा आवाज येत होता, चीं, चीं. चित्रफितीतल्या अंगणातही, कपड्यांच्या बादलीजवळ, तसंच निळं खेळणं पडलेलं होतं. केतकीला ते ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. ते तिनेच बनवलं होतं.

कॉलेजात असताना केतकीचा मोती नावाचा कुत्रा गेला होता. रबरी चेंडूचा तुकडा गिळला, आतड्यात अडकला, आणि डॉक्टरांनी पोट उघडेपर्यंत उशीर झाला. रबर आणि प्लास्टिकचं शास्त्र शिकणाऱ्या मुलीचा कुत्रा रबराने मरावा, हे तिच्या मनातून गेलं नाही. पुढे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत 'चर्वण' नावाची छोटी कंपनी निघाली, तिथे ती रुजू झाली ती याच एका कामासाठी. कुत्र्याच्या दातांना पुरेल आणि कुत्र्याला मारणार नाही असं खेळणं तिला करायचं होतं.

दुकानांतून, प्रदर्शनांतून ती लोकांना समजावून सांगायची. खेळणं अंगठ्याच्या नखाने दाबून बघा. नख थोडंही रुतत नसेल तर ते घेऊ नका, दाढ फुटेल. जबड्यात मागे पूर्ण मावेल इतकं लहान घेऊ नका, घशात जाईल. शिजवलेलं हाड देऊ नका, त्याच्या चिरफळ्या उडतात. दोरीचं खेळणं उसवायला लागलं की त्याच दिवशी फेकून द्या. लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, "पण ताई, टिकणारं काय आहे? आमचा तर दोन दिवसांत फडशा पाडतो."

त्याचं उत्तर म्हणून 'अखंड' आलं.

अखंडचं रबर स्वतःला सांधत असे. साध्या रबरात दात घुसला की रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि तुटलेल्या राहतात. केतकीने त्या साखळ्यांना अशी टोकं दिली होती, की ती सुटली तरी जवळच्या दुसऱ्या टोकाला जाऊन चिकटत. कुत्र्याने संध्याकाळी पाडलेली भोकं सकाळी बुजलेली असायची. शिवाय जिथे चावा जास्त, तिथे नवे सांधेही जास्त पडत. फावडं मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसं खेळणं वापराने तिथेच चिवट होत जाई. तुकडा पडणं शक्यच नव्हतं.

पण न तुटणारं खेळणं कुत्र्यांना आठवड्याभरात नकोसं होऊ लागलं. तोडण्यातच त्यांची गंमत होती. म्हणून रबरात सूक्ष्म पोकळ्या ठेवल्या. वरच्या थरातल्या पोकळ्या दाबल्या की आवाज येई. कुत्रा न सोडता आणखी दाबत राहिला, तर आतल्या थरातून हाडातल्या मगजाचा वास आणि चवीचा थेंब सुटे. मग पोकळ्या आपोआप मिटत. आवाज कोणता ठेवायचा यासाठी त्यांनी कितीतरी आवाज कुत्र्यांपुढे वाजवून पाहिले. शिट्टी, घुंगरू, पानांची सळसळ. कुत्री सर्वांत जास्त वेळ रमली ती लहान जिवाच्या कळवळण्याच्या आवाजावर. केतकीने तोच ठेवला.

तीन वर्षांत अखंड घरोघरी पोचलं. ते आल्यापासून रबर गिळून एकही कुत्रा दगावला नव्हता.

गांगुर्डेबाईंनंतर त्या महिन्यात कुत्र्यांच्या चाव्यांच्या बातम्या वाढत गेल्या. मनमाडला एका माणसाच्या हाताची बोटं गेली. पिंपळगावात अंगणात रांगणारं बाळ गेलं. सगळी कुत्री घरची, लाडात वाढलेली, लस टोचलेली. पिसाळलेलं एकही नव्हतं. लोक हवेला, पाण्याला, कुत्र्यांच्या तयार खाण्याला दोष देत होते. केतकी मात्र प्रत्येक घरी फोन करून एकच विचारत होती, अखंड होतं का. सगळीकडे होतं. पण अखंड आता सगळ्यांकडेच होतं, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं.

मग ओझरच्या रामचंद्र भामरेंचं नाव तिच्या कानावर आलं. त्यांच्याही कुत्र्याने धरलं होतं, पण फक्त दातांचे व्रण उठले होते. कुत्रा होता ग्रेट डेन, वासराएवढा. त्याने मनात आणलं असतं तर पायाचा भुगा केला असता.

भामरे कारखान्यातून निवृत्त झालेले, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढून टाकलेले. गळ्याला एक छोटं यंत्र लावून ते बोलत. एकाच सुरातली घरघर बाहेर पडे.

"खाटेवरून पडलो," ते म्हणाले. "गुडघा लागला. सरदार आला आणि पोटरी धरली. मी तोंड उघडलं. ओरडायचंच होतं मला, पण ओरडायला गळ्यात आहे काय?"

"मग त्याने सोडलं कसं?"

"माझ्या तोंडाकडे बघत राहिला. थोडं दाबलं, परत बघितलं. मग सोडून गेला." त्यांनी यंत्र खाली घेतलं, घोटभर पाणी प्यायले, पुन्हा यंत्र गळ्याला लावलं. "बंद पडलेलं खेळणं पोरं टाकून देतात ना, तसा."

भामरेंच्या सुनेने आणलेला चहा केतकीने घेतला, पण कप ओठाला लावायचं तिला सुचलं नाही.

ती गाडीत येऊन बसली. जे समोर आलं होतं ते इतकं साधं होतं, की इतके दिवस दिसलं नाही याचीच तिला भीती वाटली. कुत्र्याची पिल्लं एकमेकांना चावत वाढतात. एकाचे दात जास्त लागले की दुसरं कळवळतं आणि खेळ थांबवतं. पहिल्याला कळतं, इतकं जोरात चावलं की खेळ संपतो. अशा हजार कळवळण्यांतून कुत्रा आपल्या जबड्याला आवर घालायला शिकतो, आणि तो आवर जन्मभर टिकतो. म्हणून तर तो माणसाचा हात तोंडात धरूनही चावत नाही. आता पिल्लं आईपासून लवकर तोडली जात होती, आणि त्यांच्या पुढ्यात अखंड येत होतं. अखंड उलटं शिकवत होतं. कळवळण्याचा आवाज आला की सोडू नकोस. आणखी दाब. बक्षीस मिळेल. आणि खेळणं रोज थोडं चिवट होत असल्यामुळे, तेच बक्षीस मिळवायला कालच्यापेक्षा आज जास्त जोर लावावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती गुंडूला प्रयोगशाळेत घेऊन गेली. 'चर्वण'चे मालक समीरण चांदवडकर तिच्या शेजारी उभे राहिले. एका लोखंडी दांड्याला जाड कापडाची बाही चढवली होती. आत दाब मोजणारा काटा आणि एक छोटा स्पीकर. गुंडूने बाही हुंगली, तोंडात धरली, चघळली, सोडली. काटा जेमतेम हलला.

केतकीने बटण दाबलं. स्पीकरमधून बाईचं ओरडणं आलं.

गुंडूचे कान उभे राहिले. त्याने झेप घेऊन बाही धरली, आणि काटा वर चढत गेला. आवाज वाढवला तसा तो मागच्या दाढांवर पकड घेऊ लागला. कापड फाटलं. दात लोखंडावर घासल्याचा आवाज आला. त्याची शेपटी इतक्या आनंदाने हलत होती, की शेजारच्या टेबलावर आपटून तिचा ताल धरल्यासारखा आवाज येत होता. केतकीने आवाज बंद केला. गुंडूने लगेच सोडलं, तिच्याकडे पाहिलं आणि शाबासकीसाठी मान पुढे केली.

चांदवडकरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"आजच जाहीर करायला हवं," केतकी म्हणाली.

"एका कुत्र्यावरून?"

"सर, हा माझा कुत्रा आहे. माझी मुलगी याच्या पोटावर डोकं ठेवून झोपते."

"मी नाही म्हणत नाहीये. सोमवारपर्यंत थांब. आपण आणखी कुत्री तपासू, आणि त्यांना हे विसरायला कसं लावायचं तेही बघू. नुसतं धोका आहे म्हणून सांगितलंस, तर लोक उद्याच दिसेल त्या कुत्र्याच्या डोक्यात दगड घालतील. पुढे काय करायचं ते सांगता आलं पाहिजे."

ते खोटं बोलत नव्हते, हे केतकीला माहीत होतं. ती सोमवारपर्यंत थांबायला तयार झाली. गुंडूला मात्र प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातच ठेवायचं तिने ठरवलं आणि तसं नवऱ्याला फोन करून सांगितलं.

हर्षलची मखमलाबादजवळ रोपवाटिका होती, आणि तिच्या कडेलाच त्यांचं घर. गुंडूला त्यानेच बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

"म्हणजे तो परत येणार नाही," हर्षल म्हणाला.

"बहुतेक नाही."

"शर्वीला काय सांगू? कुत्रा सकाळी ऑफिसला गेला आणि संपला? एकदा घरी आण, केतकी. दोन दिवस. पोरीला निरोप तरी घेऊ दे. तोंडाला जाळी बांध, अखंड सगळी जाळून टाकतो मी. त्याने आजवर कुणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही."

तो विनवत होता, आणि तिलाही तेच हवं होतं. तिने गुंडूच्या तोंडाला चामड्याची जाळी बांधली आणि त्याला घरी आणलं.

रविवारी दुपारच्या आधी केतकी स्वयंपाकघरात होती. हर्षल रोपवाटिकेच्या टोकाला नव्या शेडनेटच्या खांबांसाठी पहारीने खड्डे घेत होता. सात वर्षांची शर्वी मागच्या अंगणात गुंडूजवळ होती. त्याला हात लावायचा, पण जाळी काढायची नाही, असं तिला चारचारदा बजावलं होतं. पण गुंडू पाण्याच्या भांड्याशी जाऊन जाळी आपटत होता. त्याला तहान लागली होती, आणि ते तिला बघवलं नाही. तिने बक्कल सोडलं. गुंडू पोटभर पाणी प्यायला. तिने त्याचं ओलं तोंड फ्रॉकने पुसलं, आणि जाळी परत बांधण्याआधी त्याच्यासाठी बिस्किट आणायला ती वळली. वाटेत फुटक्या कुंड्यांचा ढीग होता. तिचा पाय अडकला, ती त्यावर पडली, खापर गुडघ्यात घुसलं आणि ती मोठ्याने रडली.

केतकी दारात आली तेव्हा गुंडूने शर्वीचा खांदा धरलेला होता.

तो तिला कुंड्यांवरून ओढत नेत होता, थांबून झटका देत होता, परत ओढत होता. शर्वीचा आवाज माणसाचा वाटत नव्हता. पांढऱ्या फ्रॉकची एक बाजू लाल होत चालली होती. आणि शेपटी हलत होती.

"शर्वी, गप्प," केतकी धावत म्हणाली. "आवाज नको, बाळा. तोंड बंद कर. तो सोडेल."

शर्वीने आईकडे पाहिलं. तिला शब्द ऐकू आले असावेत, पण सात वर्षांच्या मुलीला ते जमणं शक्य नव्हतं. ती किंचाळतच राहिली. गुंडूने खांदा सोडला आणि मानेजवळ नवी पकड शोधू लागला.

केतकी दोन पावलांवर थांबली. त्याला ओढलं तर दात मांसासकट निघणार. मारलं तर तो आणखी घट्ट धरणार. ती जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि ओरडली. आधी घाबरल्यासारखी, मग दुखल्यासारखी. मग तिला आठवला तो आवाज, जो तिने स्वतः कितीतरी आवाजांतून निवडला होता. तिने तोच काढला. बारीक, तुटक, कळवळणारा. चीं, चीं, चीं.

गुंडूचे कान वळले. त्याने शर्वीला सोडलं आणि तो केतकीकडे आला.

तिने डावा हात पुढे केला. त्याने कोपराच्या खाली धरला. पहिल्या दाबातच हाड मोडल्याचा आवाज तिला हातातून नाही, आपल्या दातांतून ऐकू आल्यासारखा वाटला. आता गप्प बसायचं होतं. तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि चावून धरला. गुंडू दाबत होता आणि तिच्या डोळ्यांत बघत होता. ते तेच तपकिरी डोळे होते, जेवताना ताटाकडे लागायचे ते. त्यांत राग नव्हता. तो फक्त आवाजाची वाट बघत होता. त्याने आणखी दाबलं. हाडाची टोकं एकमेकांवर घासली. तिच्या नाकातून श्वासाची शिट्टी आली आणि त्याचे कान परत उभे राहिले, म्हणून तिने श्वासही धरला. डोळ्यांपुढे काळं झालं. तरी ती गप्प राहिली.

गुंडूने सोडलं. मागे सरकून बसला आणि ओठांवरचं रक्त चाटलं.

हर्षल तोवर धावत आला होता. त्याच्या हातात पहार होती. गुंडूने त्याच्याकडे बघून शेपटी हलवली. हर्षल उभाच राहिला.

"मार," केतकी पुटपुटली.

हर्षलची पहार खांद्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. कुंड्यांच्या ढिगावरून शर्वीचा हुंदका आला. गुंडू उठला आणि वळला.

हर्षलने मारलं. घाव पाठीवर बसला. गुंडूचे मागचे पाय गेले आणि तो केकाटला, लांब, उंच आवाजात, अगदी पिल्लासारखा. हर्षलने डोळे मिटले.

त्या आवाजाला गल्लीतून उत्तर आलं. आजूबाजूच्या बंगल्यांत बांधलेले, मोकळे असलेले, सगळे कुत्रे एकदम उठले होते. साखळ्या खणखणल्या. कुठलंसं दार धाडकन उघडलं. कुंपणाच्या फाटकाशी पहिला कुत्रा आला, मग त्याच्यामागे आणखी. ते भुंकत नव्हते. गजांमधून तोंडं आत घालून ते आवाजाच्या दिशेने बघत होते, पंजांनी फाटक ढकलत होते, आणि त्यांच्या सगळ्यांच्या शेपट्या हलत होत्या.

"हर्षल, आवाज थांबव त्याचा," केतकी म्हणाली.

हर्षलने पुन्हा मारलं, आणि परत, डोक्यावर, जोवर आवाज थांबला नाही तोवर. थांबल्यावरही तो मारत होता. केतकीने उजव्या हाताने त्याचा पाय धरला, तेव्हा कुठे तो थांबला.

त्याने शर्वीला उचललं, तिच्या तोंडावर तळहात घट्ट दाबला, आणि तिघे घरात शिरले. फाटक मोडल्याचा आवाज त्यांना दाराआडून ऐकू आला. मग अंगणात पायांची धावपळ. मग ओढाताणीचे, फाडल्याचे आवाज. पण गुंडूचा आवाज आता येत नव्हता, त्यामुळे ते लवकर थांबलं. बाहेरून आलेले कुत्रे दाराशी आले, उंबऱ्याला नाक लावून हुंगत राहिले. आत केतकीच्या हातातून रक्त वाहून चटईत मुरत होतं. हर्षलने एका हाताने आपल्या पट्ट्याने तिचा दंड आवळला, दुसरा हात लेकीच्या तोंडावर. तो दोघींच्या कानाशी लागून परत परत कुजबुजत होता, "गप्प. गप्प राहा. गप्प." शेजाऱ्यांनी बोलावलेली पोलिसांची गाडी येईपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही.

केतकीचा हात कोपराखाली कापावा लागला. भूल उतरली तशी तिने नर्सकडून मोबाइल मागून घेतला आणि सोमवार उजाडायची वाट न बघता चित्रफीत करून समाजमाध्यमांवर सगळं सांगून टाकलं. खेळणं कसं आहे, ते काय शिकवतं, धरलं तर ओरडू नका, मुलांना कुत्र्यांपासून दूर ठेवा. आपलं नाव सांगितलं. आवाज आपणच निवडला हेही सांगितलं.

चांदवडकर म्हणाले होते तेच पुढे झालं. लोकांनी कुत्रे मारायला सुरुवात केली. गज, काठ्या, विटा, उकळतं पाणी. भर चौकात मारले. अखंड चावलेले मारले, न चावलेले मारले, उकिरड्यावरची बिचारी भटकी कुत्री मारली. पण तडफडणारा कुत्रा केकाटे, आणि त्या केकाटण्याला आजूबाजूचे कुत्रे धावून येत. सिडकोत अशा एका जमावावर कुत्र्यांनी धाड घातली. जखमी माणसं ओरडली आणि आणखी कुत्रे आले. तिथे जी माणसं गेली, त्यांत कुत्रा मारणारे होते, तसे त्याला वाचवायला आलेलेही होते. 'चर्वण'ची इमारत लोकांनी पेटवून दिली. आत रबर जळत होतं आणि तापलेल्या पोकळ्या एकामागून एक फुटून तोच आवाज काढत होत्या. सातपूरभर तो ऐकू गेला. जनावरांच्या डॉक्टरांनी खाण्यातून गुंगीचं औषध द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे हळूहळू सगळं निवळत गेलं.

चांदवडकर दवाखान्यात आले. त्यांच्या कपाळाला टाके होते.

"थांबली असतीस तर इतके मेले नसते," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. "आणि मी शुक्रवारीच तुला बोलू दिलं असतं, तर तुझ्या पोरीला हे सोसावं लागलं नसतं. मला दोन्ही माहीत आहे."

केतकीने मान हलवली. त्यात तिला भांडण्यासारखं काही दिसलं नाही.

हर्षल रोज यायचा, डबा आणायचा, शर्वीच्या खाटेशी बसायचा. केतकीशी तो कामापुरतं बोलायचा. एकदा डबा उघडता उघडता म्हणाला, "पाठ मोडल्यावर तो माझ्याकडे सरपटत येत होता. मी वाचवीन म्हणून."

"मी तुला मार म्हणाले," केतकी म्हणाली.

"हो. आणि मी त्याला घरी आणायला लावलं." त्याने भाकरी मोडली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. एका हाताने तिला अजून भाकरी मोडता येत नव्हती. "जेव."

शर्वीच्या खांद्याची जखम खोल होती. एक दिवसाआड ती धुवावी लागे, आत कापसाची वात भरावी लागे. मोठी माणसंही त्याला घाबरतात. शर्वी मात्र भिंतीकडे तोंड करून ओठ मिटून पडून राही. घाम फुटे, पायाची बोटं वळत, पण आवाज नाही. नर्स कौतुक करायची. "किती शूर आहे हो तुमची मुलगी. इतर पोरं दवाखाना डोक्यावर घेतात."

केतकी ते ऐकत होती. अंगणातल्या त्या रविवारपासून शर्वी एकदाही रडली नव्हती. झोपेतसुद्धा नाही.

एका सकाळी केतकीने नर्सला सांगितलं, "आज आधी माझा हात करा. इथेच. तिच्या समोर."

तिने आपली खाट शर्वीच्या खाटेला लावून घेतली. नर्सने पट्टी सोडली. शर्वी आईच्या हाताकडे बघत होती, जिथे हात संपत होता तिथे. कापूस उघड्या जखमेला लागला आणि केतकी ओरडली. सोसवत नव्हतं म्हणून नव्हे. इतक्या दिवसांत तीही ओरडली नव्हती. तिने स्वतःला सोडून दिलं आणि ती मोठ्याने रडली, नाक वाहेपर्यंत, घसा फुटेपर्यंत, वॉर्डातल्या बायका उठून बसेपर्यंत.

शर्वी झटकन दाराकडे वळली. तिचं सगळं अंग ताठ झालं होतं. तिने हात लांब करून आईच्या तोंडावर ठेवायचा प्रयत्न केला. केतकीने तो हात धरला, बाजूला घेतला, आणि रडत राहिली.

शर्वी दाराकडे बघत होती. दार उघडंच होतं. बाहेर एक मावशी फरशी पुसत होती. तिने आत डोकावून पाहिलं आणि परत कामाला लागली. कुणी धावून आलं नाही.

नर्स शर्वीच्या खांद्याकडे वळली. पट्टी सोडली, कापूस बुडवला, जखमेला लावला. शर्वीचे ओठ मिटलेले होते. हनुवटी थरथरायला लागली. तिने परत एकदा दाराकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, दुखतंय," ती म्हणाली, आणि तिचं तोंड उघडलं.